एका दारापुढे गप्प झालेली ढोलकी

मी ढोलकी बोलतेय. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. तरी गेल्या नाताळात एका दारापुढे मला गप्प केलं, तेच सांगते.

आंब्याच्या लाकडाची, बकऱ्याच्या कातड्याची मी. शमुवेल पगारे मला नाशिकात शरणपूरच्या आपल्या घरी घेऊन आले, तेव्हा ते ओझरच्या कारखान्यात नोकरीला होते. आणली स्वतःसाठी, पण ताबा घेतला त्यांच्या नऊ वर्षांच्या एस्तेरनं. तिची आई रत्नाबाई ओरडायची, "अगं, आधी भाकरी थापायला शिक!" आणि ही बया आणखी जोरात वाजवायची.

पुढे दर डिसेंबरात चर्चची मंडळी घरोघर नाताळगीतं गात फिरायची, तेव्हा मी एस्तेरच्या गळ्यात. तिचं घर मुद्दाम शेवटी ठेवायचे, कारण तिथे शंकरपाळे पोटभर मिळत.

गेल्या नाताळाआधीच्या ऑगस्टमध्ये एस्तेर तापानं गेली. चोवीस वर्षांची होती. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "ती प्रभूजवळ आहे." रत्नाबाई मान हलवायच्या. एकदा मात्र म्हणाल्या, "विश्वास आहे हो माझा. पण माझ्याजवळ नाही ना ती."

मला कपाटावर ठेवलं होतं. त्या रोज पदरानं माझी धूळ पुसायच्या, पण चुकूनही मला वाजू द्यायच्या नाहीत.

डिसेंबरात एस्तेरच्या मैत्रिणीनं, मनालीनं, संकोचत मला मागितलं. थंडीनं माझं कातडं सैल पडून आवाज उतरला होता. शमुवेलकाकांनी मला अंगणात ऊन दाखवलं आणि तिच्या हाती दिलं.

तेवीस तारखेच्या संध्याकाळी आम्ही निघालो. सहा घरं छान झाली. पगाऱ्यांच्या गल्लीच्या वळणावर मात्र मनालीनं तळवा माझ्यावर दाबून धरला.

"यंदा इथे नको. त्यांना त्रास होईल," कुणीतरी कुजबुजलं.

सगळे पाय न वाजवता पुढे निघाले. माणसं मायेपोटीसुद्धा किती चुकतात! त्या घरावर यंदा नाताळचा तारा टांगलेला नव्हता, पण ओट्यावरचा दिवा चालू होता. तो कुणी पाहिलाच नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. रत्नाबाई अनवाणीच रस्त्यावर आल्या, हातात शंकरपाळ्यांचं ताट.

"माझ्या दारावरून चोरासारखे का गं चाललात?"

"काकू, म्हटलं तुम्ही दुःखात..."

"मग? दुःखातल्यांसाठीच जन्मला ना तो? दुपारपासून दाराशी बसलेय मी, ढोलकी कधी ऐकू येते म्हणून. आणि तुम्ही तीच बंद केलीत?"

मनालीला रडू फुटलं. "मला तिच्यासारखं नाही वाजवता येत, काकू."

"नसू दे येत. वाजव."

मनालीनं ठेका धरला. दोनदा चुकली, सावरली. गाणारे बेसूर होते, कारण निम्मे रडत होते. रत्नाबाईंनी ताट मागून आलेल्या शमुवेलकाकांकडे दिलं, जवळ आल्या आणि माझ्या अंगावर हात ठेवला. चार महिन्यांत चारचौघांत कधी न रडलेली ती बाई तेव्हा हमसून हमसून रडली, आणि रडत रडतच शेवटचं कडवं पुरं म्हणाली.

"अजून एक म्हणा," म्हणाली.

आता मी मनालीकडे असते. रत्नाबाईंनीच तसं सांगितलं. अधूनमधून त्या माझी विचारपूस करायला येतात.

तुमच्याही गल्लीत असं एखादं घर असेल. सण आला की तिथे थांबा. त्यांना त्रास होईल, हो. होऊ द्या. आपण गप्प राहिलो म्हणून तो कमी होत नाही, हे मी चार महिने कपाटावरून पाहिलंय.