दीड बोट जागा

"साहेब, आकृती गेली," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"कुठे गेली?"

"पुढच्या पानावर. मी नाही पाठवली, आपल्या पायानं गेली."

डिझाइनच्या साहेबांनी वाकून पडद्यावर पाहिलं. बाईंनी वरच्या परिच्छेदात एकच ओळ वाढवली होती. तेवढ्यावरून पंपाचं चित्र रुसून पुढच्या पानावर जाऊन बसलं होतं आणि मागे अर्धं पान पांढरं पडलं होतं. हे सॉफ्टवेअर साहेबांच्याच पसंतीचं होतं.

मी त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कोण काय मागायला येतो आणि किती वेळा येतो, यावरून माणूस ओळखतो. साहेब महिन्याला चार खोडरबर नेतात. ठरवलेलं बदलणारा माणूस. बाईंनी आजवर पाच कीबोर्ड झिजवले. माउस मात्र पहिलाच, अजून कोरा करकरीत.

आम्ही पंप बनवतो. प्रत्येक पंपाबरोबर एक पुस्तिका जाते आणि बावीस वर्षं ती दोघांच्या हातून निघत होती. बाई मजकूर टाइप करायच्या आणि समीकरण आलं की जागा सोडायच्या. साधं असेल तर एक बोट, भागाकार असेल तर दोन. त्या जागेत ड्राफ्ट्समनकाका काळ्या शाईनं समीकरण लिहायचे. चित्रंही त्यांचीच.

आता काका महिनाअखेर निवृत्त होणार होते. साहेबांनी बाईंना सांगून टाकलं होतं, "तोवर सॉफ्टवेअर ठरवा, शिका आणि एक पुस्तिका पुरी करून दाखवा. नाही जमलं तर काम बाहेर देऊ. तुम्हाला माल पाठवायच्या खिडकीवर बसवू." त्या खिडकीवर दिवसभर वारा, धूळ आणि ड्रायव्हर लोकांची घाई. बाईंच्या बोटांना तिथे काही काम नव्हतं.

दुसरं सॉफ्टवेअर घेऊन एक विक्रेता आला. प्रत्येक चिन्हासाठी एक चौकट उघडायची, तिच्यात दुसरी, मग टिचकी. वर्गमूळ काढेपर्यंत बाईंचा माउस दोनदा टेबलाखाली गेला.

"एकदम सोपं आहे मॅडम."

"सोपं आहे तर तुम्हाला घाम का फुटलाय?"

तिसरं बाईंनी घरूनच आणलं. त्यांची धाकटी जाऊ कॉलेजात गणित शिकवते. आदल्या संध्याकाळचं सगळं बाईंनी मला स्टोअरच्या दारात उभ्या उभ्या सांगितलं. जावेनं ओट्यावर लॅपटॉप ठेवला आणि म्हणाली, "ताई, यात पान दिसत नाही. नुसतं टाइप करायचं. भागाकार हवा असेल तर तसं लिहायचं, वर काय आणि खाली काय ते सांगायचं. समीकरणांचे क्रमांक ते स्वतःच घालतं."

"आणि माउस?"

"लागत नाही."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही विचारलंत कुठे? चौदा वर्षांत मी काय शिकवते हे तरी विचारलंत?"

"खरं आहे तिचं," बाई मला म्हणाल्या. "पण मीठ जास्त पडलंय हे मात्र रोज न विचारता सांगते."

बाईंनी पुस्तिकेचा पहिला भाग त्यात टाइप करून दाखवला. साहेबांना ते बघताच आवडलं नाही. "पान दिसतच नाही, ही काय तऱ्हा?"

"टायपिंगच्या परीक्षेत पान बघायचंच नसतं साहेब. आता तुम्ही नेहमीसारखं करा."

"काय नेहमीसारखं?"

"काम संपत आलं की येऊन सांगता ना, बाई, तिसऱ्यानंतर एक समीकरण राहिलं?"

काका तोंड फिरवून हसले. साहेबांनी एक समीकरण सांगितलं. बाईंनी ते टाइप केलं आणि पान छापलं. पुढच्या अठरा समीकरणांचे क्रमांक एकेकानं सरकले होते. मजकुरात 'समीकरण सात पाहा' होतं, तिथे आपोआप आठ झालं होतं. काकांचं चित्र सांगितल्या जागी मुकाट बसलं होतं. काकांनी खिशातली पट्टी काढून भागाकाराची रेघ मोजली आणि म्हणाले, "सरळ आहे."

यावर साहेबांचं खोडरबर चाललं नाही.

तिसऱ्या आठवड्यात बाई स्टोअरमध्ये आल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या.

"काय हवंय?"

"एक माणूस. ओरडणार नाही असा."

त्यांच्या हातात जुनी पुस्तिका होती. नवव्या पानावर मोटारीला लागणारी शक्ती काढताना पंपाच्या कार्यक्षमतेनं भागलं होतं, एकतिसाव्या पानावर गुणलं होतं. "इतकी वर्षं समीकरणाला जागा सोडली, समीकरण कधी वाचलं नाही. आता वर काय, खाली काय, ते मलाच सांगावं लागतं. या एकतिसाव्या पानाप्रमाणे पंप जितका वाईट, तितकी मोटार लहान लागते. असा पंप असेल तर घरी न्यायला मला द्या."

काकांना बोलावलं. त्यांनी पानावर बोट आडवं धरून बघितलं. "जागा दीड बोटच होती. भागाकार मावेना, म्हणून खालचं शेजारी लिहिलं. म्हटलं, समजून घेतील."

"दीड मी सोडली?"

"तुम्हीच. पान संपत आलं होतं."

दोघं एकमेकांकडे बघून असे हसले की बाईंना चष्मा काढावा लागला. ही पुस्तिका निघून अकरा वर्षं झाली होती आणि एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती. एकतिसावं पान कुणी उघडलंच नसावं.

साहेबांसमोर मात्र कुणी हसलं नाही. त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली, दोनदा वाचली. प्रत्येक आवृत्तीवर तपासणारा म्हणून त्यांचंच नाव होतं.

"खिडकीवर दुसरा माणूस बघतो," ते शेवटी म्हणाले. "आणि बाई, पहिल्या पानावर 'तपासले' आहे ना, तिथे तुमचं नाव घाला."

"माझं? मी टायपिस्ट आहे साहेब."

"मग टाइप करा."

बाईंनी टाइप केलं. पान छापून बाहेर आलं तेव्हा त्यांनी ते उजेडात धरलं, आपलं नाव अक्षर न् अक्षर तपासलं आणि मगच खाली सही केली.