धुरपताबाईची तिसरी हाक

देवराव कोर्टात पट्टेवाला होते आणि त्यांची सगळी नोकरी गळ्यावर चालत होती. आतून न्यायाधीशांजवळ बसणाऱ्या रीडर नीळकंठरावांनी नाव सांगितलं, की देवरावांनी व्हरांड्यात यायचं आणि ते तीनदा पुकारायचं. बाई असेल तर नवऱ्याच्या नावासकट. नवरा जिवंत असला तर 'जौजे' अमुक, मेलेला असला तर 'बेवा' तमुक, हाजिर हैऽऽ? जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याचा पुढे महाराष्ट्र झाला, पुकारा मात्र तोच राहिला. देवरावांचा आवाज मोटारस्टँडपर्यंत जातो असं लोक सांगत. हॉटेलात बसलेले पक्षकार बशीतला चहा तसाच टाकून धावत सुटत.

"पह्यली हाक कानाले, दुसरी पायाले, अन् तिसरी नशिबाले," देवराव म्हणत. "तिसरीले जो आला नाही त्याचं काम खल्लास."

त्यांची लेक नलू या हाकांवरच वाढली. रोज जेवताना कोर्टातली एक तरी गोष्ट ताटाशेजारी यायचीच. नागपूरला कॉलेजात होती तेव्हा सुट्टीहून परतली की मैत्रिणी आधी हेच विचारत, यंदा बाबांच्या कोर्टात काय झालं? आता तिचं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. नवरा वणीला खाणीच्या ऑफिसात कारकून होता. आणि ती चार वर्षांच्या शोभाला घेऊन महिनाभरासाठी माहेरी आली होती. जीव मुळातच चिमणीचा. शोभा झोपली की छातीवर हात ठेवून तिचे श्वास मोजायचे, विहिरीवरचं झाकण दिवसातून चारदा पाहून यायचं, असं तिचं चालायचं.

"मायवरच गेली," देवराव हसत. नलूची आई मथुराबाई हिला दुपारी शेजारणीनं साखरेसाठी हाक मारली, तरी तिसऱ्या हाकेशिवाय ती ओ देत नसे. भर दुपारची हाक भुताची असू शकते आणि भुताला तिसऱ्यांदा बोलावता येत नाही, ही समजूत त्या भागात घरोघर होती. देवरावांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, परतल्यावर देव्हारा उतरवला आणि भुताखेतांनाही रजा दिली. मथुराबाईंनी देव्हाऱ्याला हरकत घेतली नाही. हाकांचं मात्र सोडलं नाही.

"भूत दोनदा बोलावते, सरकार तीनदा," देवराव तिला चिडवत. "येवढाच त फरक हाय आमच्यात."

एप्रिलच्या सुरुवातीला, कोर्ट नुकतंच उन्हाळ्यापुरतं सकाळचं झालं तेव्हा, त्यांनी एका संध्याकाळी जेवताना शोभाला बकरीची गोष्ट सांगितली.

"राळेगावकडचे दोघं शेजारी, अन् बकरी येक. हा म्हने माही, तो म्हने माही. बकरी मुद्देमाल, म्हनून व्हरांड्यातच खांबाले बांधली. मी साक्षीदारनीले पुकारलं, रुखमाबाई जौजे बळीराम, हाजिर हैऽऽ? त बकरी म्हने, म्यांऽऽ!"

शोभा पोट धरून हसली.

"दुसऱ्यांदा पुकारलं. पुन्हा म्यांऽऽ! मी म्हनलं, गप वं, तुहा नंबर नाही आला. अन् तिसऱ्या हाकेले..." देवराव ताटावरून उठलेच. छाती भरून त्यांनी घर दणाणून सोडलं, "रुखमाबाई जौजे बळीराम, हाजिर हैऽऽ? त दावं तोडलं ना तिनं! थेट आतमधी, अन् जाऊन उभी राह्यली साक्षीच्या कठड्यात. साहेब चष्म्यावरून पाह्यते अन् म्हनते, नीळकंठराव, लिहा. बकरी हजर, बाई गैरहजर!"

मथुराबाईंनाही हसू आवरेना.

"आज व्हरांड्यात हेच सांगून राह्यलो होतो. पोट दुखेस्तोवर हासले समदे," देवराव म्हणाले आणि पुन्हा जेवायला बसले.

त्यानंतर त्यांनी गोष्ट सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आधी वाटलं ऊन लागलं असेल. शोभा एकदा मागे लागली, "आबा, बकरीची सांगा ना," तर ते अर्ध्या भाकरीवरून उठले आणि हात धुतले.

कोर्ट साडेबाराला सुटायचं. देवराव घरी येऊन जेवत आणि पुढच्या खोलीत बाजेवर आडवे होत. एकदा नलू खिडकीवर ओला पडदा टाकत होती, तेव्हा तिला मागून पुकारा ऐकू आला. अगदी हळू, पण कोर्टातलाच तो सूर.

"धुरपताबाई बेवा उकंडा, हाजिर हैऽऽ?"

तिनं वळून पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. थोड्या वेळानं पुन्हा तेच नाव, तोच सूर. मग त्यांचे ओठ हलले, गळ्याची घाटी वर गेली, पण आवाज निघाला नाही. दचकून ते उठून बसले आणि घामानं भिजलेली बंडी काढू लागले.

नलूला मोजायची सवयच होती. ती रोज मोजू लागली. दुपारी दोन हाका. तिसरीला नुसते ओठ.

मग शोभाचा खेळ सुरू झाला. आबांचा पंचा खांद्यावरून छातीवर आडवा बांधायचा, तो झाला पट्टा. उंबऱ्यावर उभं राहायचं आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडायचं. "धुपताबाई बेवा उकंडा, हाजिल हैऽऽ?" दोनदा म्हणायची आणि थांबायची.

"अन् तिसऱ्यांदा?" नलूनं विचारलं.

"आबा दोनदाच म्हणतात."

एका दुपारी पोरगी अशीच ओरडली आणि समोरच्या चिंचेखाली कोणीतरी मान वर केली.

नलूनं तोवर तिकडे नीट पाहिलंच नव्हतं. चिंचेच्या सावलीत एक बाई गुडघे जवळ घेऊन बसली होती. लुगडं मातीच्या रंगाचं, त्यामुळे बुंध्यापासून ती वेगळी अशी दिसतच नव्हती. दुसऱ्या हाकेला तिनं पाय वहाणांत सरकवले आणि उठायच्या बेतात तशीच बसून राहिली. तिची नजर शोभावर होती. नलूनं पोरीला बखोटीला धरून आत ओढलं आणि कडी घातली.

"माय, समोर चिंचेखाली कोन हाय?"

मथुराबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोनीच नाही. तिकडं पाहू नोको. चार दिस झाले, येऊन बसते अन् जाते."

"कोनीच नाही त येते कोन?"

मथुराबाईंनी एक खडा उचलून अंगणाकडे फेकला.

ती बाई दुसऱ्या दिवशीही आली. दुपारी एकला बसायची, देवराव चहा पिऊन बाहेर पडायच्या आधी निघून जायची. कोणाशी बोलणं नाही, मागणं नाही. नलूला आता शोभाच्या श्वासांचा हिशेबच लागेना. मोजता मोजता मधेच पडद्याच्या फटीतून ती चिंचेकडे पाहायची. ही बाई माझ्या पोरीवर डोळा ठेवून आहे, एवढं एकच तिच्या मनात घट्ट बसलं होतं. शेवटी शुक्रवारी तिनं शोभाला आईजवळ दिलं, बाहेरून कडी लावली आणि पाण्याचा तांब्या घेऊन रस्ता ओलांडला. बी.ए. झालेल्या बाईनं भर दुपारी चिंचेला भ्यावं, याची तिची तिलाच लाज वाटत होती. तरी जाताना तिनं बाईच्या पायांकडे पाहिलंच. पाय सरळ होते, टाचा फुटलेल्या.

"कोनाकडं आल्या, बाई?"

"कोनाकडंच नाही, माय. कळंबच्या बाजूची हाय मी." बाई वरून धार धरून घटाघटा पाणी प्याली. "धुरपता माहं नाव."

नलूच्या हातातलं तांब्याचं झाकण खाली पडलं.

"उकंडा मेला त्याले दोन वर्सं झाले," बाई सांगू लागली. "सासऱ्यानं मले काढून देल्लं अन् पोरगं ठेवून घेतलं. भीमराज. पाच वर्साचा हाय. पोरगं मले द्या म्हनून कोर्टात अर्ज केला. तारखेले सकायपासून कोर्टाच्या कडुनिंबाखाली बसून होती. वकील दुसऱ्या कामात अडकले होते. सूर्य डोक्यावर आला तवा माहं नाव आयकू आलं."

"मग गेल्या काहून नाही?"

लहान पोराकडे पाहावं तसं बाईनं नलूकडे पाहिलं. "दुपारची हाक होती ना, माय. दोन हाकाईवर कोन उठते? पह्यली आयकली, पदर सावरला. दुसरी आयकली, वहाना घातल्या. म्हनलं, आता तिसरी झाली का उठतो. त तिसरी आली ते दुसऱ्याच बाईच्या नावाची. कोनती रुखमाबाई. अन् समदे लोकं हासले."

ते हसणं नलूच्या ओळखीचं होतं. ती स्वतःही त्या संध्याकाळी हसली होती.

"दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन मी पुकारनाऱ्या बावाले इचारलं, जी, काल दोनच झाल्या, माही तिसरी आज होईन का? ते तसेच आत निंगून गेले. मंग समजलं, मी गैरहजर, अर्ज खारीज. वकील म्हनते, उद्या शनिवारपर्यंत पुन्हा लावता येते, नाही त पोरगं गेलं समज. पन कागदावर हाका तीन लिहेल हायेत. पुकारनारा खुद्द लिहून देईन का दोनच मारल्या, तवाच कोर्ट मानीन."

"मग इथं बसून काय होते? घरात या, बोला बाबांशी."

"मी त्याईले बोल लावाले नाही आली, माय." बाईनं तांब्या परत दिला. "माही येक हाक राह्यली हाय त्याईच्याजवळ. म्हनून येऊन बसतो." मग घराकडे पाहून म्हणाली, "पोरीले उन्हात नोको सोडत जाऊ. माहा भीमराजबी असाच उघड्या डोक्यानं फिरते."

नलू परत आली आणि तिनं आतून कडी घातली, तेव्हा देवराव बाजेवर उठून बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं असावं. खिडकीचा पडदा थोडा बाजूला होता.

"बाबा, किती हाका मारल्या होत्या?"

"तीन," ते म्हणाले. मग पंच्यानं तोंड पुसून म्हणाले, "दोन तिच्या. तिसरी बकरीची."

मग ते थांबले नाहीत. "व्हरांड्यात गोष्ट रंगली होती. मधातच नीळकंठरावानं नाव देल्लं. दोनदा पुकारलं, त मांगून बेलिफ रामसिंग म्हने, अरे, मंग बकरीनं काय केलं? अन् माह्या तोंडातून रुखमाबाई निघाली. नीळकंठरावानं आतून तीन आवाज आयकले, तीन लिहिले. त्याचा काय दोष? अठ्ठावीस वर्सांत येक हाक चुकली नाही माही, नलू. पेन्शनले चौदा महिने राह्यले. लिहून देतो म्हनलं त पट्टा उतरवतीन."

"कायले लिहून देता?" मथुराबाई सुपासकट दारात आल्या. "आपल्या धाकट्या पोराची मॅट्रिक व्हायची हाय अजून. उद्याचा शनिवार जाऊ द्या. बाई आपोआप येनं बंद करीन."

देवराव बायकोकडे पाहत राहिले. "मथुरे, दोनदा बोलावते ते कोन असते म्हनते तू?"

सुपातले तांदूळ हलायचे थांबले.

नलूला तेव्हा शनिवारनंतरची दुपार आलेली दिसली. चिंचेखाली कोणी नाही. रस्ता मोकळा. कडी लावायची गरज नाही. आणि बाजेवर बाबा, दोन हाका, मग नुसते ओठ. उंबऱ्यावर शोभा, दोन हाका. आपण मोजतोय. बाई यायची थांबली की मगच ती या घरात कायमची येईल, हे तिला लख्ख कळलं. भाऊ, मॅट्रिक, पेन्शन, सगळं तिच्या डोळ्यांपुढे होतं. धीराचं असं तिला काही सुचलं नाही. तिनं फक्त दाराची कडी काढली आणि दोन्ही फळ्या उघडल्या.

"बाबा, ती वहाणा घालून बसली आहे," ती म्हणाली.

उन्हाचा पट्टा बाजेपर्यंत आला. देवराव उठले. उघड्या अंगानं दारापर्यंत गेले, तिथून मागे फिरले. बंडी घातली, त्यावर कोट, खुंटीवरचा पितळी बिल्ल्याचा पट्टा आडवा घातला. पट्ट्याशिवायची हाक सरकारची नसते. शोभा त्यांच्या पायाशी येऊन उभी राहिली. तिनंच नेहमीसारखं सुरू केलं, "धुपताबाई बेवा..." देवरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तशी ती गप्प झाली.

पहिल्यांदा नुसती हवा निघाली. त्यांनी छाती भरून घेतली, डोळे मिटले.

"धुरपताबाई बेवा उकंडाऽऽ, हाजिर हैऽऽऽ?"

गल्लीतल्या चार दारांतून लोक बाहेर आले. चिंचेखालची बाई उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"हाजिर हाय, जी."

देवराव पायऱ्या उतरले. वकिलाचं घर मोटारस्टँडच्या पलीकडे होतं. ते पुढे, बाई दहा पावलं मागे, अशी दोघं भर उन्हात निघाली. मथुराबाईंनी ती वळणाआड जाईपर्यंत पाहिलं आणि मग आत जाऊन खाली सांडलेले तांदूळ टिपू लागल्या.

शनिवारी काम पुन्हा चालवण्यासाठीचा अर्ज दाखल झाला. त्याला देवरावांचा लेखी जबाब जोडलेला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं, तेव्हा तो मंजूर झाला आणि देवरावांना पुकाऱ्यावरून काढून जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. तिथं कोणाला बोलवावं लागत नाही. पेन्शनचा निकाल वरून यायचा होता.

वणीला नलूला त्यांचं कार्ड आलं ते श्रावणात, दुपारच्या डाकेनं. शोभा ओसरीवर खेळत होती. अक्षर कोर्टातल्यासारखं, ओळी सरळ.

'धुरपताबाईची तारीख काल झाली. नवीन पट्टेवाला पोरगा आहे, आवाज बारीक आहे. मी खोलीच्या दारात येऊन ऐकलं. तीन हाका पुऱ्या मारल्या, मी मोजल्या. बाई तिसरीलाच उठली. मुलाचं अजून ठरलं नाही, पुढची तारीख दिवाळीच्या आधीची आहे. पोरगं आजासोबत आलं होतं. डोक्याला टोपी नव्हती. शोभाला सांग, आबा बकरीची गोष्ट विसरले.'

"आबांनी काय लिहिलं?" शोभानं ओसरीवरून विचारलं.

नलूनं कार्ड घडी करून पोलक्यात ठेवलं. "सगळे बरे आहेत म्हणून लिहिलं," ती म्हणाली, आणि टोपडं शोधायला आत गेली.