शंभर टक्के हजेरी

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतावर विश्वास ठेवणारी बाई न्हाई. जाफराबाद तालुक्यातल्या एका अनुदानित कॉलेजात नऊ वर्षं भूगोल शिकवून राह्यले, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर मे महिन्यात घरी बसा आणि दर जूनमध्ये नव्यानं मुलाखतीला उभ्या राहा, जसं काही आम्हाला कुणी ओळखतच न्हाई. माझं नाव साधना. पोरं माघारी मला काय म्हणतात तेही माहीत आहे, पण ते इथं सांगायची गरज न्हाई.

यंदा शासनानं राज्यातल्या सगळ्या सरकारी आणि अनुदानित कॉलेजांची कामगिरी तपासायला समित्या नेमल्या. निकाल, ग्रंथालय, संडास, झाडं, सगळ्याला गुण. त्यातले सगळ्यात जास्त हजेरीला. आमचे प्राचार्य आदिनाथ सर गेल्या वर्षीच जालन्याहून आलेले, माणूस सरळ. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की कॉलेजला वरची श्रेणी मिळाली तर भूगोलाची रिकामी जागा भरायला मंजुरी येईल, आणि त्या जागेवर तुमच्याशिवाय दुसरं कोण? मी एक्केचाळीस वर्षांची आहे. यावेळी झालं न्हाई तर बिलकुल होणार न्हाई, हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मंग काय, तीन वर्षांची हजेरीपत्रकं नव्यानं लिहायला बसले. जुनी अर्धी कोरी, अर्ध्यांवर चहाचे डाग, ती कुणाला दाखवणार? दुपारी तास संपले की स्टाफरूममध्ये बसायचं, नवं रजिस्टर, चार वेगवेगळे पेन, आणि लिहीत सुटायचं. ह, ह, ह. मधूनच एखादा 'गै', खरं वाटावं म्हणून. पोळ्याला चार जास्त गैरहजर, कापूस वेचणीच्या दिवसांत आणखी थोडे. अहो, खोटं लिहायलाही अक्कल लागते.

आणि मंग सतरा नंबर आला. अक्षता राजानंद साळवे, राहणार टेंभुर्णी. अक्षता दोन वर्षांपूर्वीच वारली होती.

तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती. सगळी पोरं 'येस मॅडम' म्हणायची, ही एकटी 'हजर' म्हणायची, शाळेतल्यासारखं, बारीक आवाजात. तिसरा बाक, खिडकीकडची जागा. त्या डिसेंबरात वेचणीमुळं तिचे दिवस बुडून राह्यले होते, आणि परीक्षेच्या फॉर्मला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. बुधवारी मी तिला सगळ्या वर्गासमोर झाडली. म्हणाले, उद्या आली न्हाईस तर सही मागायला माझ्याकडं येऊ नको. गुरुवारी सकाळी टेम्पोत जागा नव्हती, तर ती मागच्या फळीवर उभी राहून निघाली, आणि पुलाजवळच्या वळणावर पडली. दवाखान्यापर्यंतही पोहोचली न्हाई. मी मातीला गेले न्हाई. कोणत्या तोंडानं जाणार होते?

नाव मात्र पटावर राह्यलं. पट घसरला की तुकडी जाते, म्हणून आम्ही सहसा कुणाचं नाव कमी करतच न्हाई. दाखला घेऊन जा म्हणून कार्यालयातल्या वसंतानं तिच्या आईला एकदा निरोप धाडला होता. तिनं उलटा निरोप पाठवला, की नाव राहू द्या. मंग पहिल्या वर्षाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला, नाव पोरांसंगं वर सरकत गेलं. परीक्षेला कोण बसलं ते विद्यापीठाच्या कागदावर. हजेरीच्या कागदाला त्याचं काय?

तिच्या ओळीत मला 'गै' लिहिता येईना. बाकीच्यांना मी मनाला येईल तसं गैरहजर टाकत होते, पण सतराव्या ओळीत पेन टेकलं की कानाशी तो बारीक आवाज यायचा, हजर. वर पाहावं तर स्टाफरूम रिकामी. एकदा तर मी 'हो, हो' म्हणून उत्तरही दिलं आणि स्वतःवरच चिडले. वर्गातही तेच होऊन बसलं. भूगोलाची खोली आमच्याकडं एकच, बाक तेच. सोळा नंबर पुकारला की जीभ अडायची आणि नजर तिसऱ्या बाकाकडं जायची. तिथं कुणी बसतच नव्हतं. मी शीतल नावाच्या पोरीला म्हणाले, सरक तिकडं, खिडकीशी बस. तर म्हणाली, नको मॅडम, तिथं ऊन लागतं. जानेवारीच्या थंडीत ऊन कुणाला नको असतं, सांगा बरं? मी घाबरले, पार घाबरले. गपचूप 'ह' लिहीत गेले. तीन वर्षं, एकही दिवस न चुकता.

घोळ पुढं झाला. समिती यायच्या आधी सरांनी वसंताला सांगितलं, की उत्कृष्ट हजेरीच्या मुलांच्या पालकांचा सत्कार ठेवू, समितीला बरं वाटेल. माझी नवी रजिस्टरं वसंतानं संगणकात भरली होतीच; त्यानं यादी विचारली, संगणकानं पहिलंच नाव अक्षताचं काढून दिलं, आणि शिक्का मारून पत्रं टपालात पडली. तुला नाव ओळखीचं वाटलं न्हाई का रे, असं मी नंतर विचारलं. म्हणाला, मॅडम, साडेतीनशे नावं असतात.

मला कळलं ते समितीच्या दिवशी सकाळी, फळ्यावर सत्काराची नावं पाहून. तेवढ्यात सर आले, म्हणाले, ही अक्षता कुठाय, तिला पुढं बसवा. मी म्हणाले, सर, ती विद्यापीठाच्या शिबिराला गेलीय. इतकं सहज तोंडातून निघालं की मलाच नवल वाटलं. मनात म्हणाले, तिच्या घरचं कोण येतंय इथं; दुपारपर्यंत निभावलं की झालं.

आई आली. बेबीनंदा साळवे. इस्त्रीची निळी साडी, हातात कॅरीबॅग, तिच्यात आमचं पत्र. सभागृहात सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसल्या. समितीच्या अध्यक्षा पुण्याच्या, निवृत्त कुलगुरू, बोलायला गोड. त्यांनी पहिलं नाव वाचलं, टाळ्या पडल्या. त्या म्हणाल्या, तीन वर्षांत एकही दिवस गैरहजर नाही, असं आम्ही शहरातसुद्धा पाहिलं नाही. कसं जमवलंत ते सांगा ना सगळ्यांना.

बेबीनंदाबाई पुढं आल्या. शाल घेतली न्हाई. भिंतीला टेकून मी उभी होते तिथं त्यांनी मला हुडकून काढलं आणि सरळ माझ्याशीच बोलल्या.

"मॅडम, म्या येडी न्हाई. तिला म्याच न्हाऊ घातलं, तिची राख म्या पाह्यली. पण ती घरी येत न्हाई. सपनात बी येत न्हाई. हितं रोज येती म्हणून कागद आला, शिक्का हाय त्याच्यावर. कोणत्या बाकावर बसती, तेवढं दाखवा."

अध्यक्षाबाईंना काही कळेना, सर माझ्याकडं पाहून राह्यले. मला अजूनही सुटता येत होतं. नावात घोळ झाला ताई, कार्यालयाची चूक आहे, असं म्हणून हाताला धरून बाहेर न्यायचं, एवढंच. तेवढ्यात त्या आणखी हळू आवाजात बोलल्या.

"त्या दिवशी म्या थांब म्हणले होते. ती म्हणली, आज न्हाई गेले तर साधना मॅडम सही करणार न्हाईत."

बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी तोंड दिलं असतं, भांडणात मी कुणाला हार जात न्हाई.

"ती येत न्हाई, ताई," मी म्हणाले. "एक दिवस बी आली न्हाई. हे सगळं मी लिहिलंय."

सर मटकन खाली बसले. अध्यक्षाबाईंनी शांतपणे हजेरीपत्रकं मागवून घेतली. बेबीनंदाबाई माझ्याकडं पाहतच राह्यल्या. वाटलं, आता कानाखाली देतील, आणि दिली असती तर बरंच झालं असतं. त्यांनी पत्राची घडी घातली आणि कॅरीबॅगेत ठेवली.

"मंग दाखला द्या," त्या म्हणाल्या.

दोन वर्षं त्यांनी तो नेला नव्हता. मी त्यांना कार्यालयात घेऊन गेले आणि वसंताला हात लावू न देता स्वतः लिहिला. नाव. जन्मतारीख. वर्तणूक चांगली. कॉलेज सोडल्याची तारीख, तो गुरुवार. कारणाच्या रकान्यात 'मृत्यू' लिहायच्या आधी मी थांबले, कानाशी काही येतंय का म्हणून. काहीच आलं न्हाई. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

श्रेणी आमची घसरली आणि ती जागा गेली, ते सांगायला नकोच. जूनमध्ये मुलाखतीला तरी बोलावतात की न्हाई, देव जाणे. माझ्या हातानं झालं, मी भोगीन.

दाखला हातात घेऊन बेबीनंदाबाई उठल्या न्हाईत. तिची खरी हजेरी किती भरली होती, असं त्यांनी विचारलं. मी कपाटातून जुनं, डागाळलेलं पत्रक काढलं. बुधवारपर्यंत चौऱ्याहत्तर टक्के. पंचाहत्तरला एकच दिवस कमी पडत होता.

"वेचणीला म्याच ठेवून घेत होते," त्या म्हणाल्या. मंग त्या कागदाकडं पाहून विचारलं, "त्या दिवसाची धरली का? निघाली होती ती."

मी पत्रक त्यांच्याकडं फिरवलं आणि गुरुवारच्या घरावर बोट ठेवलं. पुलावरची बातमी आली तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते, आणि तिथंच, उभ्या उभ्या, तिच्या नावापुढं मी 'ह' लिहिला होता.

"धरली, ताई," मी म्हणाले. "पंचाहत्तर भरली तिची."