जमुनाबाईंचं दुष्ट रक्त

लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या बोळात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. आमची अम्मा, जमुनाबाई, हृदयविकाराच्या झटक्यातून वाचून नुकतीच इस्पितळातून घरी आली होती. तिचं उरलेलं दुखणं हातानं ओढून काढायला येलवालहून साक्षात हृदयानंदस्वामी आले होते, तेही मोटारीनं.

स्वामींनी तबकात हळदीचं पाणी मागवलं. तळव्याला पांढरं ओलं 'हिमालयाचं भस्म' चोपडलं.

"डॉक्टर काय करतो? नळ दुरुस्त करतो! आम्ही नळातलं पाणीच बदलतो!"

भक्तांनी माना डोलावल्या. स्वामींनी अम्माच्या छातीवर पदरावरूनच तळवा फिरवला, डोळे पांढरे केले आणि हात तबकात बुडवला. पिवळं पाणी लालभडक झालं.

"निघालं! दुष्ट रक्त निघालं! आता त्या विषारी गोळ्या बंद!"

बायकांनी गालांवर हात मारून घेतले. माझा भाऊ नागेंद्र तिकडे देवराज मोहल्ल्यात कापडाचं दुकान चालवतो, चिमटीत धरून कापडातली भेसळ ओळखतो. हा शहाणा चक्क रडायला लागला आणि गोळ्यांची पट्टी त्यानं कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला संताप आला आणि त्याची कीवही आली. इस्पितळाच्या पायऱ्यांवर तो कसा खचून बसला होता, ते मी पाहिलं होतं. डॉक्टरांनी 'गोळ्या जन्मभर' म्हटलं, ती त्याला शिक्षा वाटली. पण गोळ्या थांबल्या तर पुन्हा झटका येईल, हेही त्यांनी त्यालाच बजावलं होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वहिनीला म्हटलं, "तुंगा, एक लिंबू दे."

"अय्यो, सुम्ने, गप बस ना वनजाक्का! स्वामी रागावतील."

मीच उठून लिंबू आणलं, कापलं आणि तबकात पिळलं. लाल पाणी फिकं होत होत पुन्हा पिवळं झालं.

"स्वामी, अम्माचं दुष्ट रक्त लिंबाला घाबरून कुठं पळालं?"

"पापिणी! तुला विद्येचा गर्व झालाय!"

"विद्या कशाला लागते? तुंगा, अम्मा घरी आली तेव्हा उंबऱ्यावर तू काय ओवाळलंस?"

"आरतीचं लाल पाणी."

"ते केलंस कसं?"

"हळद कालवली, त्यात अम्माच्या पानाच्या डब्यातला चुना..." तुंगा थांबली. तिनं स्वामींच्या तळव्याकडे पाहिलं. "अय्यो, हा चुनाच की!"

चुनाच. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आंबट पडलं की पुन्हा पिवळी. आमच्या बोळातली प्रत्येक बाई हे पाणी नवरीला ओवाळते, बाळंतिणीला ओवाळते. तेच भगव्या बाहीतल्या हातानं केलं, तर सगळ्या जणी हात जोडून उभ्या!

"शक्ती भंगली," असं पुटपुटत स्वामी चपला शोधू लागले.

तेव्हा अम्मा पहिल्यांदा बोलली. "म्हणजे माझं दुखणं आहे तसंच आहे काय गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. ते काम स्वामींनी केलंच होतं.

"आहे, अम्मा. पण गोळीनं ताब्यात राहतं."

बाबांनो, जिवाची भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाज नाही. पण कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात एकदा डोकावून या. आणि औषध बंद करायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

नागेंद्रनं खाली मान घालून डब्यातली पट्टी काढली, सदऱ्याला पुसली आणि अम्मापुढे धरली.

"दे," अम्मा म्हणाली. "आणि पाणी साधं आण."