आरशातलं गलबत

उमेळ्याच्या आमच्या वाडीत, केळींच्या मागच्या छपरात, ह्यांची प्लायमाउथ गाडी उभी असायची. पन्नास सालची, अमेरिकन, म्हशीसारखी रुंद. बॉनेटच्या टोकावर तिला शिडाचं छोटं चकचकीत गलबत होतं. ते पासष्ट साली गेलं.

तेव्हा हे आणि माणिकपूरचे फर्डिनंड जिवलग. अमेरिकेतली पोरं जुन्या गाड्यांचे मडगार्ड काढतात, त्या हलक्या करून शर्यती लावतात, असं कुठल्याशा मासिकात दोघांनी पाहिलं आणि त्यांच्या अंगात आलं. मडगार्ड निघाले. मागची सीट ओटीवर आली. सासूबाई तिच्यावर बसून तांदूळ निवडायच्या. ओहोटीला भुईगावच्या वाळूत दोघांच्या गाड्यांची शर्यत लागली. हरेल त्याने आपल्या बॉनेटवरचं चिन्ह काढून द्यायचं. हे हरले. गलबत दिलं, पण फर्डिनंड आधीच सुटला, लबाड आहे, असं चारचौघांत बोलले. तिथेच बोलणं संपलं. पुढे फर्डिनंड नोकरीला आखातात गेले.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात आमच्या मुलाने, जितेंद्रने, मडगार्ड, सीट परत बसवून गाडी पुन्हा चालू करून घेतली. जानेवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईला जुन्या गाड्यांची रॅली होती. हे मात्र अडून बसले. नाक कापलेल्या गाडीत बसून मी मिरवणार नाही, म्हणाले. तसंच दुसरं घडवून आणतो, असं जितेंद्र म्हणाला, तर तेही नको. ह्यांचे गुडघे गेलेले. पुढच्या वर्षी क्लच दाबता येईलसं त्यांनाही वाटत नव्हतं.

फर्डिनंड कायमचे परत आल्याचं कानावर होतं. नाताळ झाल्यावर हे एका सकाळी आपणहून म्हणाले, चल. राजेळी केळ्यांची फणी घेऊन आम्ही माणिकपूरला गेलो.

दार फर्डिनंडनीच उघडलं. आत घेतलं. कोपऱ्यात नाताळचा गोठा मांडलेला. गवत, मेंढ्या, बाळ येशू, आणि तळं म्हणून ठेवलेला आरसा. आरशात आमचं गलबत उभं होतं. यंदाही कुणीतरी ते घासून लख्ख केलेलं.

"आईला वाटलं, मी गोठ्यासाठीच आणलं," फर्डिनंड म्हणाले. "तेव्हापासून दर नाताळला असतंच."

ह्यांनी रॅलीचं सांगितलं. फर्डिनंडनी अडचण सांगितली. बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण सहा तारखेला, रॅली त्याआधी. तोवर गोठ्यातलं काही हलवायचं नाही, हा त्यांच्या आईचा नियम, आणि आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. हे काठी टेकत उठले.

"बस रे, काश्या. त्या दिवशी मी आधी सुटलो होतो," फर्डिनंड ह्यांना म्हणाले.

हे उभेच राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं तर गलबत दिलंस कशाला?"

"पैज लावली होती ना."

फर्डिनंड हसले. आईला सांगतो, गलबत एक फेरी मारून येईल, म्हणाले. मीही येतो, नाहीतर हा परत करायचा नाही.

रविवारी दोघं पुढे, मी मागच्या सीटवर. बक्षीस कुणाला मिळालं, आठवत नाही. संध्याकाळी ह्यांनीच गलबत आरशात ठेवलं.

तीन राजांचा सण झाल्यावर फर्डिनंड पाना घेऊन आमच्याकडे आले आणि ते बॉनेटवर बसवलं. नट मात्र हाताने फिरेल इतकाच आवळला. डिसेंबरात पुन्हा काढायचं होतं.