रगत कुठी जाते

माझा नवरा डोमा आलापल्लीच्या जंगलात सागाचे लठ्ठे ओढनारा गडी, अन् आता चांद्याच्या दवाखान्यात त्याच्यानं उशीवरून मान उचलवत नव्हती. अंगातलं रगत कमी होऊन राह्यलं होतं, अन् ते कुठी जाते हे कोनाले दिसत नव्हतं. माझा जीव टांगनीले लागला होता.

डॉक्टरनं आधी खडूवानी पांढरं औषध पाजून पोटाचे फोटो काढले. काई दिसलं नाई. मंग त्याले सुताचा लांब धागा गिळाले लावला. ओढून काढल्यावर जिथी डाग, तिथी जखम, म्हने. धागा कोराच निघाला. राह्यली परसाकडची तपासनी. त्यात औषध टाकलं तं निळंभोर झालं. आतडीत छुपं रगत हाये, सकाळी पोट उघडतो, डॉक्टर म्हन्ला. मी त्या निळ्या रंगाले हात जोडले.

सकाळी सासू आली, कलाबाई. डब्यात बकऱ्याचं रगत, कांदा-तिखट घालून शिजवलेलं. रोजच आनत होती. पोराचं रगत आटलं तं रगतच खाऊ घालावं, आमच्या इकडं असंच करतेत. डॉक्टरनं झाकन उघडलं अन् त्याचं तोंडच उतरलं. तपासनीच्या आधी मटन बंद सांगितलं होतं ना, त्यानं इचारलं. सासू म्हने, मटनाचा तुकडा देल्ला नाई, रगतच देल्लं.

आता काय म्हनावं या कर्माले! ऑपरेशन थांबलं. निळा रंग बकऱ्याच्या रगताचाच असन, दाळ-भातावर ठेवून पुन्हा तपासू, डॉक्टर म्हने. सासू भिंतीले टेकून खालीच बसली. मले असा संताप आला, तिचाबी अन् त्या शहान्याचाबी.

मी त्याचा कोटच धरला. "साहेब, हे रगत त्यानं इथी येऊन खाल्लं. घरी तं नुस्ती पेज पीत होता, अन् तवाच पांढराफटक पडला. तवाचं रगत कुठी गेलं?"

डॉक्टरनं डब्याचं झाकन लावलं. मंग हळूच बोलला.

"उघडून सगळं आतडं हातानं चाचपावं लागेल. सापडेलच असं नाही. आणि आधी त्याला माणसाचं रक्त द्यावं लागेल."

माझं बोट टोचलं. जुळलं नाई. सासू उठली, आपला वाळका हात समोर केला. नर्सनं थेंब घेतला, काचेवर पाह्यला, हेबी जुळत नाई म्हन्ली.

कलाबाईनं तो हात पदराखाली लपवला अन् दुसरा समोर केला.