मामांची मूठ

धाकट्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी मामांनी अंथरूण धरलं आणि त्याच वर्षी त्यांचं पुस्तक निघालं. मामा म्हणजे डुकराच्या मांसाचे खाटीक. त्यांना सख्खी भाची एकच, पण बाजारात लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणत, आणि दुकानात तराजूपाशी बसणाऱ्या त्यांच्या बायकोला मामी.

पुस्तक लिहिलं ते त्या सख्ख्या भाचीने. आठवड्यातून दोनदा ती मामांच्या उशाशी वही घेऊन बसायची. मामा धापा टाकत सांगायचे, चरबी कशी उतरवायची, कातडी कुरकुरीत कशी करायची, मांडी मिठात किती दिवस मुरवायची आणि मग धुरावर कशी टांगायची. फुप्फुसं पार गेली होती. डॉक्टरांनी महिन्या-दीड महिन्याच्या वर काही बोलायचं टाळलं होतं. मामा म्हणायचे, "पुस्तक बघू दे. मग यम आला तर त्यालाही एक काप वाढू आणि निघू."

प्रकाशन शनिवारी दुपारी होतं, एका हॉटेलच्या मोठ्या दालनात. मामांना उठून बसणंही जमत नव्हतं. म्हणून मामी एकट्याच आल्या, आणि घरी शेजारीण फोन धरून मामांपाशी बसली. व्यासपीठामागच्या पांढऱ्या पडद्यावर मामांचा चेहरा दिसत होता. सकाळी मामींनीच त्यांची दाढी केली होती. हनुवटीपर्यंत चादर, गालांची हाडं वर आलेली, पण डोळे लग्नाच्या दिवशी असावेत तसे.

"दिसतंय का हो मामा?" भाचीने माइकमधून विचारलं.

"दिसतंय. तू जरा जाड झालीस."

दालन हसलं. मामीही हसल्या. चार महिन्यांत मामा इतके खूश दिसले नव्हते.

कोणीतरी मामींच्या हातात पुस्तक दिलं आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. नमनाला घडाभर तेल चाललं होतं. प्रकाशक बोलत होते, मग त्यांचे मित्र बोलले. मामींनी पुस्तक मांडीवर ठेवून मुखपृष्ठावरून हात फिरवला. काळ्या रंगावर एका हाताचा फोटो होता. मिठाने गच्च भरलेली मूठ, लांबसडक बोटांच्या फटींतून दाणे सांडताहेत. बोटातली अंगठी भाचीची होती.

मामी त्या मुठीकडे बघत राहिल्या.

मामांच्या उजव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. लग्नाच्याही आधी हाडं कापायच्या करवतीने ती नेली होती. अंगठा आणि दोन बोटं यांत मावेल तेवढीच मामांची मूठ. दुकानात मसाल्याला वजनमाप नव्हतंच. नवा गडी आला की मामा आपली मूठ त्याच्या तळहातावर ओतायचे आणि सांगायचे, "एवढं. आता तुझ्या हाताला शिकव." कोणी वजन विचारलंच तर हात खिशात घालून म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची." त्या हाताची त्यांना लाज होती. लग्नाच्या फोटोतही तो मामींच्या पाठीमागे आहे.

मामींना वाचता येई, पण अक्षराखाली बोट धरून. मुरवलेल्या मांडीचं पान त्यांनी शोधलं. दहा किलोला मीठ किती, साखर किती, आणि खाली: सोरा एक मूठ, म्हणजे पंचावन्न ग्रॅम.

सोरा हे मांस टिकवायचं मीठ. त्याने मांस लाल राहतं, किडत नाही. पण बेताने घातलं तर. हात सैल सुटला तर खाणाऱ्याचे ओठ निळे पडतात, श्वास लागतो; लहान पोर असेल तर हाताशी लागत नाही. मामींनी एकदा कुतूहलाने मामांची मूठ तराजूत टाकून पाहिली होती. बावीस ग्रॅम भरली होती.

मामांच्या तोंडी 'मूठ' होती, ती भाचीने लिहून घेतली आणि घरी जाऊन स्वतःची मूठ काट्यावर ठेवली. मामांना ती दोन बोटं नाहीत हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेवर सुचणं वेगळं. सांगताना मामांचा हात चादरीखालीच असायचा. आणि मामांच्या लेखी मूठ म्हणजे एवढीच. पन्नास वर्षांत त्यांनी दुसरी मूठ वापरली नव्हती.

सगळ्यात वाईट हे की चूक मामींना थांबवता आली असती. छापायच्या आधी भाचीने कागदांचा गठ्ठा आणून दिला होता. "मामी, एकदा नजर घाला." एक पान वाचायला त्यांना अर्धा तास लागे, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने मामांची कूस बदलावी लागे. गठ्ठा औषधांच्या डब्याखाली राहिला. भाचीने विचारलं तेव्हा मामी म्हणाल्या होत्या, "वाचलं हो. छान झालंय."

त्यांनी मान वळवली. बाजूच्या लांब टेबलावर, फुलांच्या मधोमध, आख्खी मांडी मांडली होती. लालभडक. त्यांच्या दुकानातून इतक्या लाल रंगाची मांडी कधी गेली नव्हती. हॉटेलचा आचारी सुरीला धार लावत होता.

मामी उठून त्याच्यापाशी गेल्या. "सोरा किती घातलास?"

"पुस्तकात आहे तेवढा. प्रकाशकांनी महिन्याआधीच पान पाठवलं होतं. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे."

"तुला जास्त वाटला नाही?"

आचाऱ्याची सुरी थांबली. "वाटला. पण खाली मामांचं नाव होतं. त्यांना मी कोण शिकवणार?"

"कापू नकोस."

"मामी, साहेबांनी सांगितलंय, टाळ्या झाल्या की पहिला काप. दोनशे माणसं उपाशी बसलीयेत."

"मी सांगते ना, कापू नकोस."

"मग साहेबांना विचारा. माझी नोकरी आहे."

प्रकाशक व्यासपीठावरून उतरत होते. मामींनी त्यांची बाही धरली आणि एका दमात सगळं सांगितलं. ते ऐकत होते, हसत होते, आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडे कोणाला तरी हात करत होते. "मामी, दगदग झालीय तुम्हाला. बसा. सरबत घ्या. पुस्तक तज्ज्ञांनी तपासलंय."

"कोणत्या तज्ज्ञांनी?"

"तुम्हीच की. भाची म्हणाली, मामींनी शब्दन् शब्द वाचलाय."

मामींच्या हातातून बाही सुटली. दालनाच्या दाराशी लोक पुस्तकं विकत घेऊन पिशव्यांत घालत होते. एक बाई मैत्रिणीला सांगत होती, उद्याच करून बघते, पोरं येणारेत.

मामी पायऱ्या चढून भाचीपाशी गेल्या. "माइक बंद कर. मांडीत सोरा दुपटीहून जास्त पडलाय. तू तुझी मूठ मोजलीस."

भाचीने एकदा मुखपृष्ठाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मग ती ओठांतल्या ओठांत बोलली, "मामी, आत्ता नको. मामा बघताहेत. उद्या सगळ्यांना कळवू."

"उद्यापर्यंत खातील ना गं ते."

"त्यांचा एवढा एकच दिवस राहिलाय. तो तुम्हीच नासवणार?"

खाली आचाऱ्याने काप काढायला सुरुवात केली होती आणि ताटल्या पुढे सरकत होत्या. मामी पडद्याकडे वळल्या. तिथे मामा हसत होते, कारण त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं.

मामींनी भाचीच्या हातातून माइक घेतला आणि चालू केला. "अहो."

"काय गं? भाषण करतेस की काय?"

"तुमचा उजवा हात बाहेर काढा."

मामांचं हसू विरलं. "कशाला?"

"काढा. लोकांना दाखवा. पुस्तकात भाचीची मूठ छापलीय, आणि या मांडीत तेवढा सोरा घातलाय."

दालनात ताटल्यांचा आवाज थांबला. एवढ्या लोकांसमोर बायकोने आपल्याला उघडं पाडावं, हे मामांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, आणि मामींना ते दोन पुरुष उंचीच्या पडद्यावर बघावं लागलं. शेजारीण हळूच म्हणाली, "मामा, राहू दे का?"

मग चादर हलली. मामांनी हात वर काढला आणि फोनसमोर धरला. अंगठा, दोन बोटं आणि तिथून पुढे गुळगुळीत झालेलं कातडं. त्यांनी मूठ मिटली आणि पुन्हा उघडली.

"एवढी," मामा म्हणाले. "टाकून द्या ती मांडी. कोणी खाऊ नका."

आणि त्यांनी शेजारणीला फोन बंद करायला सांगितला.

मांडी मागच्या दाराने गेली. दोघातिघांनी एकेक काप खाल्ला होता. त्यांची डोकी दुखली, याहून जास्त काही झालं नाही. दाराशी उभं राहून भाचीने स्वतः पिशव्यांतून पुस्तकं परत मागून घेतली. मामींशी ती बोलली नाही.

घरी आल्यावर मामींनी उशाशी बसून सांगितलं की चूक भाचीची नाही, आपली आहे, कागद वाचलेच नव्हते. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. "कळलं," एवढंच म्हणाले. पुढच्या दिवसांत त्यांनी पाणी मागितलं, कूस बदलून मागितली, पुस्तक मागितलं नाही. मामी रोज विचारत, "रागावलात का?" मामा मान हलवत, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मामींना कळत नसे.

दुरुस्त पान छापून यायला पाच आठवडे लागले. मामा त्याआधीच, प्रकाशनानंतर नवव्या दिवशी, सोमवारी सकाळी साडेसहाला गेले.